सुंबा बेटावरच्या गावात राहायचं, जागा घ्यायची, तर कोणतं पाऊल आधी?

बालीत जमीन परवडत नाही म्हणून लोक इंडोनेशियाच्या नकाशावर पूर्वेकडे सरकतात आणि सुंब्यावर येऊन थांबतात. रिकामे किनारे, उंच टोकदार छपरांची गवती घरं आणि दलालानं पाठवलेला ड्रोनचा व्हिडिओ. पुढचा क्रम ठरलेला असतो: आधी टोकन, मग तिकीट, मग वकील, आणि सगळ्यात शेवटी गावाची चौकशी. हा क्रम नेमका उलटा आहे. खाली जो दिलाय त्यात पैसे शेवटी हलतात. काहींचे हलणारच नाहीत, आणि त्यात त्यांचं भलंच आहे.

उदाहरण सुंब्याचं घेतलंय. जमिनीचा कायदा फ्लोरेस, लोम्बोक या बेटांसह सगळीकडे तोच आहे. बदलतात त्या गावच्या रीती.

## टप्पा १: व्हिसा आधी, गाव नंतर

तुम्हाला हिंडायचंय, काही महिने राहायचंय, की जागा घ्यायची आहे, हे स्वतःशी ठरवा. तिन्हींसाठी व्हिसा वेगळा लागतो.

हिंडायला आगमनाचा व्हिसा पुरतो. भारतीय पासपोर्टवर तो मिळतो: ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन), ३० दिवस, आणि एकदाच आणखी ३० दिवसांची मुदतवाढ. २०२५ पासून मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन केला तरी फोटोसाठी इमिग्रेशन कार्यालयात स्वतः जावं लागतं. गावापासून सर्वांत जवळचं कार्यालय कुठे आहे ते निघण्यापूर्वी शोधून ठेवा, नाहीतर मुदतवाढीपायी विमानानं दुसरं बेट गाठावं लागेल. जास्त राहायचं असेल तर ६० दिवसांचा सी-१ भेट व्हिसा घ्या. तो वाढवत एकूण १८० दिवसांपर्यंत नेता येतो.

वर्षभर राहून परदेशातल्या कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी ई-३३-जी आहे, त्याला वर्षाला ६०,००० डॉलरचं उत्पन्न दाखवावं लागतं. ‘दुसरं घर’ नावाच्या ई-३३ व्हिसासाठी सरकारी बँकेत १ लाख ३० हजार डॉलरची ठेव लागते. नाव काहीही असलं तरी या व्हिसानं जमिनीची मालकी मिळत नाही.

इशारा: मुदत संपून राहिलात तर दिवसाला १० लाख रुपिया दंड. ६० दिवसांच्या वर गेलात तर हकालपट्टी आणि प्रवेशबंदी.

तपासा: पासपोर्टची मुदत किमान सहा महिने, परतीचं तिकीट, आणि आगमनाआधी भरायचं ‘ऑल इंडोनेशिया’ हे डिजिटल घोषणापत्र. बालीमार्गे जाताना बालीत थांबणार असाल तर परदेशी पर्यटकांसाठीचा १,५०,००० रुपियांचा कर वेगळा.

## टप्पा २: बरोबर टोकाला उतरा

सुंब्याला दोन विमानतळ आहेत. पश्चिमेकडच्या कोदी, वानोकाका, लांबोया या भागांसाठी तांबोलाका. पूर्वेकडच्या गवताळ, कोरड्या भागासाठी वाइंगापू. स्वस्त दिसलं म्हणून भलत्या टोकाचं तिकीट काढलं तर बेट आडवं ओलांडण्यात अर्धा दिवस मोडतो. बालीहून येणारी विमानं बऱ्याचदा लहान, पंख्यांची असतात. त्यांत सामानाची मर्यादा कमी, आणि पावसाळ्यात उड्डाणं रद्दही होतात. म्हणून भारतात परतायच्या विमानाआधी एक रात्र बालीत ठेवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पासोला असतो, घोड्यांवरून भालाफेकीचा विधी. समुद्रात न्याले नावाच्या अळ्या कधी येतील त्यावरून रातो, म्हणजे तिथले पुजारी, तारीख ठरवतात, त्यामुळे ती उशिरा कळते. पाहायला जरूर जा. जागा पाहायला मात्र तो आठवडा निरुपयोगी, कारण तेव्हा गावात कुणाला बोलायला सवड नसते.

बेटावर मोटारसायकल घ्याल तर दुचाकीचा परवाना आणि विमा दोन्ही तपासा. पश्चिम भागात अंधार पडल्यावर रस्त्यावर राहू नका, हा सल्ला तिथलीच माणसं देतात.

## टप्पा ३: गावात पहिलं पाऊल केपाला देसाच्या दारात

देसा म्हणजे गाव, त्याचा निवडून आलेला प्रमुख केपाला देसा. त्याखाली वाडीचा प्रमुख, वर तालुक्यासारख्या केचामातानचा चामात, त्यावर काबुपातेन म्हणजे जिल्हा. सुंब्यात असे चार जिल्हे आहेत. पाहुण्यानं २४ तासांच्या आत गावात नोंद द्यायची, ही इंडोनेशियाभर चालणारी पद्धत. ज्यांच्या घरी उतराल त्यांना पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत स्वतःहून द्या.

काम्पुंग अदात, म्हणजे परंपरागत वस्तीत जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. सिरिह पिनांग न्या. पान, सुपारी, चुना: आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त तिथे पानाऐवजी बहुधा वेलीचा तुरा असतो. तुम्हाला पुढे केलं तर घ्या. खायचं नसेल तर खिशात ठेवा, पण नाकारू नका. वहीत नाव लिहून देणगी द्यायची असते. अंगणातल्या मोठ्या दगडांवर बसायच्या आधी विचारा, कारण बहुतेक थडगी असतात.

शाकाहारी असाल तर घरी उतरताना पहिल्याच दिवशी सांगा. समारंभात म्हैस आणि डुक्कर मुख्य. भात, मका, कसावा आणि पालेभाज्या गावात मिळतात, पण ताट समोर आल्यावर सांगणं म्हणजे यजमानाला तोंडघशी पाडणं.

नेहमीची चूक: पहिल्याच भेटीत जमिनीचा भाव विचारणं. संध्याकाळपर्यंत ती बातमी पाच वाड्यांत पोचते आणि दुसऱ्या दिवशी एकाच जागेचे तीन ‘मालक’ दारात उभे राहतात.

## टप्पा ४: दोन ऋतू राहून पाहा

एकाच सुट्टीत निर्णय घेऊ नका. एकदा ऑक्टोबरात जा, एकदा जानेवारी-फेब्रुवारीत. ऑक्टोबर हा कोरड्या मोसमाचा शेवट. विहिरीला पाणी आहे का, नसेल तर टँकर किती लांबून येतो आणि त्याला किती पडतात, हे तेव्हाच कळतं. सुंब्याच्या बऱ्याच भागात जमीन चुनखडीची, पाणी मुरून खूप खोल जातं. बोअर मारू हे दलालाचं वाक्य ऐकून घ्या आणि शेजाऱ्याच्या बोअरला किती मीटरवर पाणी लागलं ते स्वतः विचारा. जानेवारीत रस्ता पाहायचा. ड्रोनच्या व्हिडिओत दिसणारी पांढरी वाट तेव्हा चिखल असते.

वीज सरकारी पीएलएनची, बहुतेक घरांत प्रीपेड टोकनवर. खांब प्लॉटपासून किती अंतरावर आहे ते मोजा. मोबाइलची रेंज प्लॉटवर उभं राहून, फोन लावून पाहा; नाक्यावर रेंज आली म्हणजे घरात येईल असं नाही. स्टारलिंक इंडोनेशियात २०२४ पासून आहे, पण वीज गेली की तेही बंद. परदेशी फोन तिथल्या सिमवर चालवायला आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळखक्रमांकाची नोंदणी लागते. पर्यटकाला ती ९० दिवसांपुरती मिळते.

आरोग्याबाबत जरा सावकाश वाचा. सुंब्यात मलेरिया आहे. प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, मच्छरदाणीत झोपा, आणि ताप आला तर ‘हवा बदलली’ म्हणत बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. भारतात परतल्यानंतर काही महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना सुंब्याचं नाव सांगा, कारण मलेरियाचा एक प्रकार यकृतात दबा धरून पुन्हा उठतो. गावाजवळ पुस्केसमास, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. गंभीर रुग्णाला बेटाबाहेर न्यावं लागू शकतं. विम्यात विमानानं हलवण्याचा खर्च धरलाय का, हे पॉलिसीत वाचून खात्री करा. वय साठच्या पुढे आणि हृदयाचा त्रास असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हिंडायला जा, घर करायला नको.

तपासा: पाणी, खांब, रेंज, पावसातला रस्ता, दवाखान्याचं अंतर. पाचांपैकी दोन नापास झाले तर पुढचे टप्पे वाचायचं कारण नाही.

## टप्पा ५: कोणता हक्क मिळू शकतो, हे आधी समजून घ्या

पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, फक्त इंडोनेशियन नागरिकाला. १९६० च्या मूलभूत कृषी कायद्याचं कलम २१ तसं सांगतं. कलम २६ पुढे जातं: आडमार्गानं परदेशी माणसाकडे मालकी वळवली तर व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

तरीही ‘माझ्या मेहुण्याच्या नावावर घेऊ, तुमच्याशी वेगळा करार करू’ ही ऑफर येणारच. हाच तो आडमार्ग. मेहुणा कितीही सज्जन असो, तो वारला की जमीन त्याच्या वारसांची. तुमच्या हातात उरतो तो कायद्यानं निरर्थक कागद.

उरलेले रस्ते तीन.

हाक पाकाइ, म्हणजे वापराचा हक्क. तो परदेशी व्यक्तीच्या नावावर नोंदवता येतो, सरकारी जमिनीवर मुदत ३० वर्षं, मग २०, मग ३०. पण तो घरासाठी आहे, त्याला प्रांतनिहाय किमान किमतीची अट आहे आणि जमिनीची मर्यादा साधारण २,००० चौरस मीटर. गावातल्या शेताच्या तुकड्याला तो सहसा बसत नाही.

हाक गुना बांगुनान, म्हणजे इमारतीचा हक्क. हा परदेशी गुंतवणुकीच्या कंपनीला मिळतो. अशा कंपनीची गुंतवणूक जमीन आणि इमारत सोडून १,००० कोटी रुपियांच्या वर दाखवावी लागते, म्हणजे पाच कोटी रुपयांच्या पुढे. छोट्या माणसाचा हा रस्ता नव्हे.

भाडेपट्टा. गावात परदेशी माणसाला झेपेल असा बहुधा हाच. त्यासाठी इंडोनेशियात कायद्यानं वास्तव्य असावं लागतं, म्हणून टप्पा १ मधला व्हिसा इथे कामाला येतो. भाडेपट्टा भूमी कार्यालयात नोंदवला जात नाही. तुमचं संरक्षण करारातल्या शब्दांत असतं. नागरी संहितेचं कलम १५७६ एवढा आधार देतं, की मालकानं जमीन विकली तरी भाडेपट्टा मोडत नाही.

इशारा: भाव ‘आरे’वर सांगतात. एक आरे म्हणजे १०० चौरस मीटर, आपल्या गुंठ्याहून किंचित कमी. भाडेपट्ट्यात तो भाव बहुधा दर आरेला *दर वर्षी* असतो. एकूण आकडा समजून खूश होऊ नका. आणि ‘जुता’ म्हणजे दहा लाख, ‘मिल्यार’ म्हणजे शंभर कोटी. शून्यं लिहूनच घ्या.

## टप्पा ६: दोन ठिकाणी तपासणी, कार्यालयात आणि कुळात

लोक यातली एकच करतात. शहरी माणूस कार्यालयात जातो, कुळाकडे जात नाही. भावुक माणूस कुळाकडे जाऊन हात मिळवतो, कार्यालयात जात नाही.

कार्यालय. मालकाकडे सर्तिफिकात, म्हणजे राष्ट्रीय भूमी कार्यालयाचं मालकीपत्र आहे का? गिरिक, लेटर सी असे जुने कागद किंवा गावानं दिलेला दाखला म्हणजे मालकीपत्र नव्हे. २०२१ च्या शासकीय नियम १८ नुसार अशा जुन्या कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षं होती. २ फेब्रुवारी २०२६ नंतर ते मालकीचा पुरावा राहिले नाहीत, फक्त खूण म्हणून चालतात. मालमत्ता कराची पावती तर कधीच पुरावा नव्हती. मालकीपत्र नसेल तर ‘आधी तुमच्या नावावर काढा, मग बोलू’ म्हणा. तुम्ही आगाऊ पैसे द्यायचे आणि त्यातून तो काढेल, हे मान्य करू नका.

मालकीपत्र असेल तर त्याची प्रत घेऊन पीपीएटीकडे, म्हणजे सरकारनं नेमलेल्या जमीनदस्त अधिकाऱ्याकडे जा. भूमी कार्यालयातून पडताळणी करून घ्या: गहाण आहे का, जप्ती किंवा मनाई आहे का, नाव आणि क्षेत्र जुळतं का. ‘सेंतुह तानाहकु’ या सरकारी ॲपवर तुकड्याची जागा नकाशात दिसते, तीही ताडून पाहा. पीपीएटी तुम्ही निवडा, दलालानं नव्हे.

मग जमिनीचा झोन, जिल्ह्याच्या कार्यालयात. चार गोष्टी विचारा. तुकडा वनक्षेत्रात आहे का? बेटावर मानुपेउ तानाह दारु आणि लाइवांगी वांगामेती ही राष्ट्रीय उद्यानं आहेत. संरक्षित शेतजमिनीत आहे का? भरतीरेषेपासून १०० मीटरच्या आत आहे का? घर बांधता येईल का? शेवटच्याचं उत्तर लेखी घ्या.

कूळ. पश्चिमेला काबिसु, पूर्वेला काबिहु. पुष्कळ जमीन रीतीनं कुळाची असते, कागदावर एकाचं नाव असलं तरी. कोकणात सामाईक जमिनीत एका सहहिस्सेदाराची सही राहिली आणि तो मुंबईहून उगवला, की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना अधिक सांगायला नको. इथे फरक एवढाच, की पूर्वजांची थडगी त्याच जमिनीत असतात आणि सुंब्याच्या पारंपरिक मारापु श्रद्धेत पूर्वजही हिस्सेदार.

म्हणून मालक, त्याची पत्नी, भाऊ आणि सर्व प्रौढ वारस, कुळातली ज्येष्ठ मंडळी, चारही बाजूंचे शेजारी आणि केपाला देसा यांना एकाच दिवशी जमिनीवर बोलवा. सीमा चालत फिरा. थडगी, पाण्याची वाट, गुरांची वाट, किनाऱ्याकडे जायचा रस्ता कुठून जातो ते विचारा आणि ते सगळं नकाशावर काढून सगळ्यांच्या सह्या घ्या. जेवण तुमच्यातर्फे.

या बैठकीला कुणी एक जण आला नाही, तर थांबा. २०१८ मध्ये पश्चिम सुंब्यातल्या मारोसी किनाऱ्यावर वादग्रस्त जमिनीची मोजणी चालू असताना गोळीबार झाला आणि एक ग्रामस्थ मारला गेला. परदेशी माणूस असा वाद जिंकत नाही. आणि जिंकला तरी तिथे राहील कसा?

## टप्पा ७: करार

करार नोतारिस, म्हणजे तिथल्या नोटरीसमोर करा. भाषा इंडोनेशियन असलीच पाहिजे. २००९ च्या कायदा २४ नुसार इंडोनेशियन पक्ष असलेल्या कराराला ती लागतेच. शेजारी इंग्रजी मजकूर ठेवा, आणि अनुवादक तुमच्या खर्चानं, तुमच्या ओळखीचा असू द्या. रक्कम रुपियात लिहा. देशातले व्यवहार रुपियात करणं २०११ च्या चलन कायद्यानं बंधनकारक आहे.

करारात हे नसेल तर सही करू नका:

- मुदत, आणि मुदतवाढीचा भाव कसा ठरेल याचं सूत्र. ‘तेव्हा ठरवू’ म्हणजे तुमचं घर उभं राहिल्यावर ते ठरवतील.
- मालक वारला तर करार वारसांना बांधील. पत्नीची आणि वारसांची सही आत्ताच.
- तुम्ही वारलात तर हक्क कुणाकडे, आणि पुढे दुसऱ्याला देता येईल का.
- मुदत संपल्यावर इमारतीचं काय.
- भाड्यावरचा १० टक्के अंतिम कर कोण भरणार. तो खरं तर मालकाचा, पण भांडण इथेच होतं.
- जाण्यायेण्याची वाट, तिचा मालक वेगळा असेल तर त्याचीही सही.

मुदतीबाबत माझा कल कमीकडे आहे. पहिल्या खेपेला २५-३० वर्षांचे पैसे एकरकमी ओतण्यापेक्षा गावातलं बांधलेलं घर पाच वर्षांसाठी भाड्यानं घ्या. त्याला पुढच्या टप्प्यातही फायदा आहे.

## टप्पा ८: आता पैसे

निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांत पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा स्थावर मालमत्तेच्या संपादनात धरत नाहीत. त्याहून लांब असेल तर धरतात. वर्षभरात १० लाख रुपयांच्या वर अशा कारणासाठी पाठवलं तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापते. विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो, म्हणून हिशेब तसा धरा.

पैसे बँकेतूनच, करारातल्या नावाच्याच खात्यात. १० कोटी रुपिया किंवा त्या किमतीची रोकड नेणार असाल तर कस्टम्सला जाहीर करावी लागते, नेऊच नका. टोकन द्यावंच लागलं तर नोतारिसच्या पावतीवर, आणि टप्पा ६ पूर्ण झाल्यावर.

घर बांधणार असाल तर पीबीजी, म्हणजे बांधकाम मंजुरी आधी हवी. २०२१ मध्ये जुन्या आयएमबी परवान्याची जागा तिनं घेतली. पाया खणताना गावात विधी होईल. त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा आणि घासाघीस करू नका.

## टप्पा ९: घरातून उत्पन्न?

पर्यटकांना खोल्या देऊ, ही कल्पना प्रत्येकाला येते. पर्यटन किंवा भेट व्हिसावर कमावता येत नाही, आणि छोटा होमस्टे हा प्रत्यक्षात स्थानिकांचाच धंदा आहे. परदेशी मालकीला वर सांगितलेली कंपनी लागते. घरमालकाला त्याच्या नावानं होमस्टे काढू द्या, त्याचं उत्पन्न त्याचंच राहू द्या. त्याला तुमचं घर टिकावं असं वाटण्याचं ते सर्वांत भक्कम कारण. आकड्यांच्या बाबतीत दलालाच्या ‘वर्षभर भरलेलं’ या शब्दावर जाऊ नका. फेब्रुवारीत चिखल आणि ऑक्टोबरात पाणीटंचाई तुम्ही स्वतः पाहिली आहे.

दरवर्षी दोन कामं. मालकाकडून मालमत्ता कर भरल्याची पावती मागून घ्या. आणि भारतातल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरा. त्यात वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात, मार्चअखेर नव्हे. स्थावर मालमत्ता दडवली तर काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड लागू शकतो. तुमचा भाडेपट्टा त्यात कसा दाखवायचा हे सीएला पहिल्याच वर्षी विचारा, आणि विचारायला जाताना कराराचा इंग्रजी मजकूरही सोबत न्या.